व्हिडिओ चालत नाही, प्लगइन मागतंय, आता काय करू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं नातेवाईक, शेजारी आणि त्यांच्या ओळखीचे मला हेच प्रश्न पाठवतायत, बहुतेक वेळा स्क्रीनचा तिरका फोटो काढून. तेच तेच परत टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतोय. घाईत असाल तर निदान प्रश्न २ वाचाच, कारण त्यात नुकसान व्हिडिओचं होत नाही, पैशांचं होतं.

१. प्लगइन म्हणजे नक्की काय? आणि एक्स्टेन्शन म्हणजे तेच ना?

नाही, दोन्ही वेगळे. ब्राउझरला पूर्वी स्वतःहून व्हिडिओ दाखवता यायचा नाही, मग ते काम करायला बाहेरचा एक प्रोग्राम त्याला जोडून द्यायचा, तो म्हणजे प्लगइन. ही पद्धत १९९५ च्या सुमारास नेटस्केप ब्राउझरने आणली आणि पुढे फ्लॅश, क्विकटाइम, रिअलप्लेयर, सिल्व्हरलाइट हे सगळे त्याच दारातून आत आले. एक्स्टेन्शन ब्राउझरच्या आतच राहतं आणि पानात फेरफार करतं, म्हणजे जाहिराती अडवणं, भाषांतर, पासवर्ड लक्षात ठेवणं वगैरे.

आता व्हिडिओ दाखवणं ब्राउझरला स्वतःलाच जमतं (एचटीएमएल५ म्हणतात ते हेच, यूट्यूबने जानेवारी २०१५ मध्ये तेच डिफॉल्ट केलं), त्यामुळे जुने प्लगइन सगळ्या मोठ्या ब्राउझरनी काढून टाकले. क्रोमने २०१५ मध्ये, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकी सगळे. म्हणजे तुम्ही "प्लगइनचा प्रॉब्लेम" म्हणता तेव्हा खरा दोष बहुतेक एक्स्टेन्शनमध्ये, ग्राफिक्समध्ये, कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबायच्या आणि उलगडायच्या पद्धतीत) नाहीतर ओटीटीच्या कुलपात (कॉपी अडवणाऱ्या संरक्षणात) असतो, आणि पुढचे बरेचसे प्रश्न यातला नेमका कुठला ते ओळखण्याचेच आहेत.

२. साइट म्हणतेय "व्हिडिओ बघण्यासाठी फ्लॅश प्लेयर अपडेट करा". कुठून डाउनलोड करू?

कुठूनच नाही. टॅब बंद करा.

फ्लॅश संपलाय. अडोबीने जुलै २०१७ मध्येच तसं जाहीर केलं होतं, ३१ डिसेंबर २०२० ला सपोर्ट थांबला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयर स्वतःच फ्लॅशचा मजकूर चालवायला नकार देतो. त्याच महिन्यात क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनी त्याला कायमचं बाहेर काढलं. त्यामुळे आज जो कोणी फ्लॅशचं अपडेट देतोय तो फ्लॅश देतच नाहीये, दुसरंच काहीतरी देतोय. हीच गोष्ट "व्हिडिओ कोडेक पॅक", "एचडी प्लेयर प्लगइन", "बघण्यासाठी अलाऊ दाबा" यांची.

माझ्या मावशीला एक जुनं कीर्तन ऐकायचं होतं. शोधता शोधता ती अशाच एका पानावर गेली, मधोमध काळी चौकट, त्यावर लाल बटण, खाली "प्लेयर जुना झाला आहे". तिने दाबलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर खाली उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस" अशी पट्टी वर येत होती, आणि ती बिचारी प्रत्येक पट्टी नीट वाचून बंद करत बसली होती, सकाळपासून. त्याच लॅपटॉपवर ती पेन्शनच्या खात्याचं नेटबँकिंग करते. म्हणून मी या एका बाबतीत कुणाचंही काही ऐकून घेत नाही: व्हिडिओ बघायला काहीतरी इन्स्टॉल करा असं साइट म्हणाली की ती साइट सोडायची. अपवाद आहेत, ते फक्त प्रश्न ८ (तिथेही ते ब्राउझर स्वतः आणतो, साइट नाही) आणि १२ मध्ये आहेत, तिसरा नाही.

३. अरे देवा, मी ते इन्स्टॉल केलंय. आता?

घाबरू नका पण आजच करा. आधी नेट बंद. मग सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघडून इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे लावा, त्या दिवशी आलेलं जे ओळखीचं नाही ते काढा. नंतर ब्राउझरची एक्स्टेन्शन्स बघा, तिथेही तसंच. नोटिफिकेशनच्या पट्ट्या येत असतील तर ते व्हायरस असतीलच असं नाही, तुम्ही "अलाऊ" दाबल्यामुळे त्या साइटला मिळालेली परवानगी असते: ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, तिथली अनोळखी नावं काढून टाका (मावशीकडे अशी अकरा निघाली). शेवटी नेट चालू करून विंडोज सिक्युरिटी अपडेट होऊ द्या आणि फुल स्कॅन, जमल्यास ऑफलाइन स्कॅन, त्यात मशीन रीस्टार्ट होतं.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून, त्याच लॅपटॉपवरून नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन, ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि बँकेला पण कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडकवता येण्याची शक्यता जास्त, त्यामुळे "उद्या सकाळी बघू" नको.

४. यूट्यूबवर नुसतं गोल फिरतं. फोनवर त्याच वायफायवर छान चालतंय.

म्हणजे नेट ठीक आहे, दोष ब्राउझरमध्ये आहे. कंट्रोल, शिफ्ट, एन दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडा आणि तोच व्हिडिओ लावा. इन्कॉग्निटोमध्ये एक्स्टेन्शन्स बंद असतात (तुम्ही मुद्दाम परवानगी दिलेली सोडून), कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) पण कोऱ्या असतात. तिथे चालला तर एक्स्टेन्शन किंवा जुन्या कुकीज, तिथेही नाही चालला तर प्रश्न ६ कडे जा. फायरफॉक्सवाल्यांसाठी हेल्प मेनूत ट्रबलशूट मोड आहे, तो ॲड-ऑन (एक्स्टेन्शनचंच तिथलं नाव) बंद करून सुरू होतो आणि हार्डवेअर ॲक्सेलरेशन (प्रश्न ६) सुद्धा बंद करतो, एका दगडात दोन पक्षी.

एक्स्टेन्शनच आहे हे कळल्यावर एकेक बंद करत बसू नका. निम्मी बंद करा, व्हिडिओ बघा. चालला तर गुन्हेगार बंद केलेल्या निम्म्यात, नाही चालला तर उरलेल्यात, मग त्यातली परत निम्मी. सोळा एक्स्टेन्शन्स असली तरी चार फेऱ्यांत सापडतं. आणि सोळा असतील तर मला आधी हे सांगा की सोळा का आहेत.

५. माझा ॲडब्लॉकर अचानक गायब झाला आणि तेव्हापासून व्हिडिओ पण नीट चालत नाही.

गायब झाला तो क्रोमच्या नियमबदलामुळे. एक्स्टेन्शन लिहायची जुनी पद्धत, मॅनिफेस्ट व्ही२, क्रोमने २०२४-२५ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद केली आणि यूब्लॉक ओरिजिन हा ॲडब्लॉकर त्यातच गेला. त्याचा लाइट अवतार क्रोमवर चालतो, ताकद कमी आहे. पूर्ण हवा असेल तर फायरफॉक्सवर तो अजून चालतो.

व्हिडिओ न चालण्याचं कारण मात्र बहुतेक हे असतं की घाबरून लोक तसल्याच नावाचे दोन-तीन ब्लॉकर एकदम टाकतात आणि ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. एकच ठेवा. शिवाय ब्लॉकर दिसला की काही साइट प्लेयर मुद्दाम अडवतात, तिथे त्या साइटपुरता ब्लॉकर बंद करणं एवढाच साधा मार्ग आहे.

६. आवाज येतो पण चित्र काळं, नाहीतर हिरवंगार.

हिरवा रंग दिसला की ऐंशी टक्के मी ग्राफिक्सवरच संशय घेतो. ब्राउझर व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स चिपवर टाकतो, त्याला हार्डवेअर ॲक्सेलरेशन म्हणतात, आणि चिपचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) जुना किंवा बिघडलेला असेल तर चित्राची वाट लागते, आवाज वेगळ्या रस्त्याने येतो म्हणून तो ठीक असतो. क्रोममध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, तिथे ग्राफिक्स ॲक्सेलरेशनचं बटण आहे, ते बंद करून ब्राउझर रीस्टार्ट करा. चित्र आलं तर दोष सापडला, पण काम संपलं नाही, कारण ते बंद ठेवलं की सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि लॅपटॉप तापतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करा आणि बटण परत चालू करा. काळं चित्र फक्त ओटीटीवरच येत असेल तर ते वेगळं प्रकरण, प्रश्न ८ आणि ९.

७. व्हिडिओ अडखळतो आणि पंख्याचा आवाज मिक्सरसारखा येतो. नेट तर १०० एमबीपीएस आहे.

नेटचा संबंध नाही, कोडेकचा आहे. यूट्यूब एकच व्हिडिओ तीन-चार पद्धतींनी दाबून ठेवतं, एच.२६४ जुनी, व्हीपी९ मधली, एव्ही१ नवी. नवीन पद्धतीत डेटा कमी लागतो पण उलगडायला मेहनत जास्त, आणि चिपमध्ये त्याची सोय नसेल तर प्रोसेसरला हाताने दळण दळावं लागतं. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये व्हीपी९ ची पक्की सोय सातव्या जनरेशनपासून आणि एव्ही१ ची अकराव्यापासून आहे, म्हणजे २०१५ चा लॅपटॉप असेल तर तो दमणारच.

स्वतः बघायचं असेल तर चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" उघडा. कोडेक्सच्या ओळीत एव्हीसी१ म्हणजे एच.२६४, व्हीपी०९ आणि एव्ही०१ हे नवीन. फ्रेम्सच्या ओळीत "ड्रॉप्ड" चा आकडा भराभर वाढत असेल तर निदान पक्कं झालं. उपाय म्हणजे आधी क्वालिटी ७२० वर आणा, बऱ्याच वेळा एवढ्यावरच पंखा शांत होतो. तरी नाही झालं तर यूट्यूबला एच.२६४ च द्यायला लावणारी एच२६४-इफाय (h264ify) सारखी एक्स्टेन्शन्स आहेत, फक्त एच.२६४ मध्ये यूट्यूब १०८० च्या वर देत नाही, पण जुन्या लॅपटॉपची स्क्रीन तेवढीच असते तेव्हा बिघडत काहीच नाही.

८. ओटीटीवर "वाइडवाइन" की "प्रोटेक्टेड कंटेंट" असा एरर येतो. हे प्लगइनच आहे ना?

हो, याला मात्र प्लगइन म्हटलं तरी चालेल. सिनेमे कुलूप लावून पाठवले जातात आणि ते कुलूप उघडणारा छोटा भाग म्हणजे गूगलचा वाइडवाइन. पूर्वी हे काम मायक्रोसॉफ्टचा सिल्व्हरलाइट करायचा, त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला, त्यामुळे कोणी सिल्व्हरलाइट टाकायला सांगितलं तर ती सूचना जुनी आहे, सोडून द्या. वाइडवाइन ब्राउझर स्वतः आणतो, तुम्ही कुठल्याही साइटवरून आणायचा नसतो.

क्रोममध्ये ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि कंपोनंट्स असं टाइप करा, यादीत वाइडवाइन शोधा आणि त्याखालचं "चेक फॉर अपडेट" दाबा. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या जनरल भागात "डीआरएम कंट्रोल्ड कंटेंट" वर टिक हवी, आणि ॲड-ऑनच्या पानावर प्लगइन्स असा भाग आजही आहे, त्यात वाइडवाइन आणि सिस्कोचा ओपनएच२६४ एवढंच दिसेल. दोन्ही चालू ठेवा. ब्रेव्ह ब्राउझर पहिल्यांदा परवानगी विचारतो, घाईत "नको" म्हटलं असेल तर तिथेच अडकलंय. कधी कधी "पीसी क्लीनर" छाप प्रोग्रामने ती फाइलच उडवलेली असते, तेव्हा ब्राउझर परत इन्स्टॉल करणं सोपं.

९. लॅपटॉपवर सिनेमा दिसतो, प्रोजेक्टर लावला की काळं. यूट्यूब मात्र प्रोजेक्टरवर दिसतंय.

यूट्यूब दिसतंय म्हणजे केबल आणि प्रोजेक्टर ठीक. ओटीटी बघतं की लॅपटॉपपासून पडद्यापर्यंतच्या पूर्ण रस्त्यावर एचडीसीपी नावाचं संरक्षण आहे की नाही, मध्ये एक जरी जुना दुवा असला, व्हीजीए केबल, स्वस्तातला कन्व्हर्टर, जुना स्प्लिटर, की चित्र काळं किंवा धुरकट करतं. व्हीजीएमध्ये एचडीसीपी नसतंच. सरळ एचडीएमआय केबलने मधलं काही न ठेवता जोडून बघा. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केल्यावर काळं दिसतं तेही याच कुलपामुळे. आणि गणपतीत मंडपात लावायचा विचार असेल तर ओटीटीची वर्गणी घरच्यापुरती असते, सार्वजनिक दाखवायला वेगळी परवानगी लागते.

१०. कुठलीच साइट उघडत नाही, सगळीकडे "कनेक्शन प्रायव्हेट नाही" म्हणतंय.

घड्याळ बघा. खरंच, खाली कोपऱ्यातली तारीख बघा. २०१५ वगैरे दाखवत असेल तर साइटचं सर्टिफिकेट ब्राउझरला चुकीच्या काळातलं वाटतं आणि तो दार लावून घेतो. तारीख दुरुस्त केली की लगेच चालतं. बटणावरून बंद करून परत चालू केल्यावर तारीख पुन्हा मागे जात असेल तर आतली सेल संपलीय, डेस्कटॉपमध्ये साधारण सीआर२०३२ नावाची नाण्याएवढी असते, घड्याळजीकडे सुद्धा मिळते.

११. विंडोज ७ आहे, बदलायचा नाहीये. काही होईल का?

थोडे दिवस, ओढूनताणून. क्रोमचं ११० आलं फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि तेव्हापासून विंडोज ७ ला नवीन क्रोम नाही, १०९ शेवटचं. फायरफॉक्सचं ११५ ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) त्यावर जास्त काळ चाललं. पण व्हिडिओ चालणं आणि सुरक्षित असणं यात फरक आहे, त्या मशीनवर बँकेचं काही करू नका. वडिलांना फक्त यूट्यूबच बघायचं असेल तर त्याच मशीनवर लिनक्स मिंट टाकून देणं मला जास्त बरं वाटतं. तिथे फायरफॉक्सला एच.२६४ साठी एफएफएमपेगच्या लायब्ररी लागतात, इन्स्टॉल करताना "मल्टिमीडिया कोडेक्स" वर टिक केली की त्या येतात.

१२. सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) ब्राउझरमध्ये उघडला की "प्लगइन इन्स्टॉल करा" म्हणतो, आणि केलं तरी परत तेच म्हणतो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इथे मात्र प्लगइन खरंच लागतं. जुने डीव्हीआर ॲक्टिव्हएक्स नावाच्या पद्धतीवर बनलेत, ती फक्त इंटरनेट एक्सप्लोररला समजायची, आणि तो १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. तुम्ही क्रोममध्ये ते प्लगइन शंभर वेळा इन्स्टॉल करा, क्रोम त्याच्याकडे बघणार सुद्धा नाही, म्हणून परत तेच विचारलं जातं.

मार्ग आहे. विंडोजवरच्या एज ब्राउझरमध्ये सेटिंग्ज उघडा, डिफॉल्ट ब्राउझरच्या भागात साइट इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये उघडायची परवानगी द्या, एज रीस्टार्ट करा, आणि तिथल्याच यादीत डीव्हीआरचा पत्ता टाका, तो १९२.१६८ ने सुरू होणारा असतो तो. मग पान उघडून प्लगइनला परवानगी द्या. ही नोंद ३० दिवसांनी आपोआप संपते, त्यामुळे "गेल्या महिन्यात चालत होतं" असं झालं तर आधी यादी बघा. मॅकवर हा मोड नाही.

आमच्या बिल्डिंगमधून सायकल चोरीला गेली तेव्हा वॉचमनच्या केबिनमध्ये सेक्रेटरी, मी आणि सायकलवाल्या मुलाचे वडील असे तिघं त्या छोट्या मॉनिटरसमोर दाटीने उभे होतो, आणि लाइव्ह दिसत होतं पण मागचं रेकॉर्डिंग उघडेना, चौकट नुसती करडी. दीड तास गेला. कारण नंतर कळलं, लाइव्हचा छोटा प्रवाह एच.२६४ मध्ये होता आणि रेकॉर्डिंग एच.२६५ मध्ये, आणि ते जुनं प्लगइन एच.२६५ ओळखतच नव्हतं. शेवटी डीव्हीआरला सरळ टीव्ही जोडला, माउस लावला आणि तिथूनच पेनड्राइव्हवर क्लिप घेतली. घाईच्या वेळी हेच करा, ब्राउझरच्या नादी लागू नका. निवांत वेळी डीव्हीआरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट मिळतंय का बघा, नवीन फर्मवेअरमध्ये काही वेळा प्लगइनशिवाय दिसायला लागतं. नाहीतर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये "ओपन नेटवर्क स्ट्रीम" ला आरटीएसपी पत्ता (कॅमेऱ्याच्या प्रवाहाचा पत्ता) द्या, तो मॅन्युअलमध्ये असतो, पोर्ट साधारण ५५४.

आणि हात जोडून सांगतो, डीव्हीआरचा पासवर्ड अजून "ॲडमिन" असेल तर तो आज बदला. तुमच्या जिन्यात कोण कधी येतं जातं हे त्यात दिसतं.

१३. मुलीचे जुने अभ्यासाचे धडे फ्लॅशमध्ये आहेत, सीडी जपून ठेवलीय. कायमचं गेलं का?

नाही गेलं. रफल नावाचा मोफत प्रोग्राम आहे, तो फ्लॅशची नक्कल करतो, आणि इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून जुने फ्लॅश खेळ आणि ॲनिमेशन त्यावरच चालवले आहेत. सीडीवरच्या एसडब्ल्यूएफ फाइल त्यात उघडा. साधे, जुने धडे सहसा छान चालतात, नंतरच्या काळातले गुंतागुंतीचे कधी अर्धवट. फाइल एफएलव्ही असेल तर तो नुसता व्हिडिओ आहे, व्हीएलसीमध्ये चालतो. आणि सीडीची कॉपी आत्ताच करून ठेवा, ओरखडा पडला की रफल काही करू शकत नाही.

१४. मी दुबईत असते, मराठी मालिका लावली की "तुमच्या देशात उपलब्ध नाही". कुठलं एक्स्टेन्शन टाकू?

हा बिघाड नाही, त्या देशासाठीचे हक्क त्या साइटकडे नाहीत. त्याच कंपनीचं तिथलं ॲप किंवा वेगळा पॅक आहे का बघा. फुकट व्हीपीएनचं एक्स्टेन्शन टाकू नका: त्याला सहसा तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान वाचायची परवानगी द्यावी लागते, आणि एका मालिकेसाठी ती किंमत फार आहे. शिवाय तिथल्या कायद्यात व्हीपीएनचा गैरवापर गुन्हा आहे.

१५. व्हिडिओ आपोआप सुरू होतो पण आवाजच नाही.

एप्रिल २०१८ पासून क्रोम आवाजासकट ऑटोप्ले सहसा होऊ देत नाही, प्लेयरवरच्या स्पीकरला हात लावा. तरी नाही तर टॅबवर राइट क्लिक, साइट म्यूट झाली असेल.

१६. सगळं करून झालं. तुम्हाला विचारताना काय पाठवू?

एररचे शब्द जसेच्या तसे, "काहीतरी प्लगइन म्हणतंय" नको. ब्राउझर आणि त्याचं व्हर्जन, विंडोज कुठला, एकाच साइटवर की सगळीकडे, इन्कॉग्निटोमध्ये काय होतं, आणि कधीपासून. त्या दिवशी काही नवीन टाकलं होतं का तेही लिहा, ओरडणार नाही. स्क्रीनशॉट हवा असेल तर विंडोज, शिफ्ट, एस, पण पाठवण्याआधी दुसऱ्या टॅबमध्ये बँक उघडी नाहीये ना ते बघा.